पहले खडू, मग लाकूड

आमच्या लेकीचा, ऋचाचा, पलंग एका सकाळी कामाला येणाऱ्या फुलबाईने ओल्या फडक्याने पुसून टाकला.

पलंगावरची धूळ पुसली असं मी म्हणत नाही. पलंगच पुसला. भिंतीकडचं उसं तेवढं शिल्लक राहिलं, पायथा पार गेला. कारण तो पलंग खडूचा होता आणि फरशीवर काढलेला होता. त्या दिवसांत आमच्या घरातलं सगळंच फर्निचर खडूचं होतं. सोफा, जेवणाचं टेबल, कपाटं, देवघर, चपलांचा कप्पा, सगळं जमिनीवर पांढऱ्या रेघांत पसरलेलं. त्या रेघांच्या आत चुकून पाय पडला की मागून आवाज यायचा, "अबे, टेबलावर काहून चढला?"

तो आवाज दिगूकाकांचा.

दिगंबर मोहरील हे रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत समोरच्या घरात राहतात. सख्खे काका नव्हेत, पण माझ्या वडिलांच्या वेळेपासून ते मला अबे-तुबे करतात, म्हणजे काकाच. बुटकी, काटक मूर्ती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी खडू. हातात एक काठी असते, पण ती टेकायला नाही. ते दार आहे. कसं, ते पुढे सांगतो. काका येण्याआधी त्यांचा खोकला येतो. घशाच्या पार तळातून निघणारा, मध्ये दम खाऊन पुन्हा सुरू होणारा तो खोकला पहाटे ऐकू आला की गल्लीत लोक गॅसवर चहा ठेवतात. ऋचा त्याला 'आजोबा का हॉर्न' म्हणते.

काकांचं म्हणणं एकच आहे. "पहले खडू, मग लाकूड." कुठलीही वस्तू बनवायची असेल तर आधी ती खडूने, खऱ्या मापात, खऱ्या जागी जमिनीवर काढायची. मग घरातल्या सगळ्यांनी काही दिवस तिच्यासोबत राहायचं. ती वस्तू आहे असं धरून वावरायचं, तिला वळसा घालायचा, तिची दारं उघडायची. त्याला ते तालीम म्हणतात. तालीम पास झाली की मग सुताराला बोलवायचं. कागदावरच्या नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "कागदावर सगळेच बारीक असतात बे. तिथं कोणाचं पोट मध्ये येते का?"

हे वेड त्यांना सरकारने लावलं. नवं राज्य झालं तेव्हा काका भांडारात नोकरीला होते. कोणत्या खोलीत किती टेबलं, किती खुर्च्या, हे पाहणं त्यांचं काम. राजधानी रायपूरला आली आणि मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत बसवायचं ठरलं. पण साहेब लोक आधी येऊन पोचले आणि टेबलं मागे राहिली. मोठ्या साहेबांनी विचारलं, कोण कुठे बसणार? काकांनी खिशातून खडू काढला आणि खोल्याखोल्यांतून जमिनीवर टेबलं काढून दिली. इथे सचिव, इथे त्यांचे बाबू, इथे फायलींचं कपाट. एक उपसचिव आले, त्यांनी दारात उभं राहून पाहिलं, आणि खडूच्या टेबलाला बरोबर वळसा घालून खडूच्या खुर्चीच्या जागी जाऊन उभे राहिले.

"वळसा घालून गेले, मोहन," काका अजून सांगतात. "सरळ नाही आले. एवढा मोठा माणूस. तवापासून मी खडूले मानतो. अख्खं राज्य पहले खडूवर उभं राहिलं, मग लाकडावर बसलं."

आता मी नवा रायपूरमधल्या मंत्रालयाच्या नव्या इमारतीत नोकरीला आहे. एकदा काकांना ते दाखवायला नेलं होतं. रुंद रस्ते, लांबलचक कॉरिडॉर, ओळीने एकसारख्या खुर्च्या. सगळं पाहून झाल्यावर ते बसमध्ये येऊन बसले. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण माणसाच्या मापानं नाही. जागेच्या मापानं आहे."

आमच्या घरात काका शिरले ते माझ्या स्वभावामुळे. मला आधीच माफी मागून ठेवायची सवय आहे. काही चुकलं नसलं तरी चुकेल या हिशेबाने. घराचं काम काढायचं ठरलं. आईचे गुडघे गेले होते, तिच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली करायची होती, एक भिंत पाडायची होती, फरशी बदलायची होती. वडिलांनी बांधलेली भिंत पाडायची म्हणून मला वाईट वाटत होतंच, त्यात शेजाऱ्यांना धुळीचा त्रास होणार म्हणून आणखी वाईट वाटलं. म्हणून मी समोर गेलो आणि काकांची धुळीबद्दल आगाऊ माफी मागितली.

"धूळ ठीक आहे," काका म्हणाले. "फर्निचर कोणतं बनवून राहिला?"

"ते नंतर पाहू, काका. आधी भिंती आणि फरशी होऊन जाऊ दे."

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "नंतर?"

"हो. म्हणजे..."

"तुह्या बापानं पण म्हटलं होतं, नंतर पाहू. मग तुह्या घरातला प्लग कपाटामागं गेला का नाही?"

गेला होता. माझं सगळं लहानपण त्या कपाटामागे हात घालण्यात गेलं आहे. इस्त्री लावायची म्हटलं की गाल लाकडाला चिकटवून, बोटांनी आंधळेपणाने भोकं शोधायची.

"भिंत आणि कपाट जुळे भाऊ आहेत," काका म्हणाले. "एकाच वेळी जन्मले पाह्यजेत. पलंग कुठं, ते ठरल्याशिवाय बटण कुठं, ते ठरत नाही. बटण नाही ठरलं तर भिंत कशाला रंगवतो? मी येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी खोकला आला, आणि मागून काका.

त्यांनी मिस्त्रीला थांबवलं, इलेक्ट्रिशियनला थांबवलं, फरशीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. जुन्या फरशीवर गुडघे टेकून त्यांनी पहिली रेघ ओढली. माझी बायको वैशाली नागपूरची. माणसाला तोंडावर बोलायची तिला सवय आहे, पण काकांना तीही काही बोलली नाही. तिने फक्त मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तू त्यांना कशाले सांगायला गेला होता?"

"मी फक्त सॉरी म्हणायला गेलो होतो."

"तुझं सॉरी मले फार महाग पडते," ती म्हणाली.

पहिली तालीम एका रविवारी झाली. काकांनी सगळ्यांना घरभर उभं केलं. वैशाली खडूच्या ओट्यापाशी, मी खडूच्या सोफ्यावर, म्हणजे सोफ्याच्या रेघेत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ऋचा तिच्या खोलीत. आईला त्यांनी देवघरासमोर बसवलं.

"वहिनी, पूजा करा."

"देवच नाहीत तर पूजा कायची?" आई म्हणाली. "मी हवेत घंटी वाजवणार नाही, भाऊजी. लोक हसतील."

"लोक घरात नाहीत. तुम्ही फक्त हात वर करून पाहा, दिवा लावता येते का."

आईने नाराजीने हात वर केला. मग थोडा पुढे केला. मग म्हणाली, "उंच होते. खांदा दुखते." काकांनी लगेच भिंतीवरची रेघ पुसून चार बोटं खाली घेतली. आईने पुन्हा हात वर केला, काडी ओढल्यासारखं केलं, आणि थोडा वेळ हात जोडून बसून राहिली. त्यानंतर तालमीत सगळ्यांत जास्त रस तिलाच आला. तिसऱ्या दिवशी तिने वैशालीला भांड्यांचं कपाट उघडं ठेवल्याबद्दल टोकलं. कपाट अर्थातच जमिनीवर होतं.

ऋचा मात्र सरळ रेघांवरून जायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"पोट्टी, तू पलंगावरून गेली," काका म्हणायचे.

"आजोबा, बेड के ऊपर से ही तो गई."

"चपला घालून गेली."

यावर ती मागे जायची, चपला काढायची, आणि पुन्हा पलंगावरून जायची.

काठीचं आता सांगतो. दारं खडूने काढता येत नाहीत, कारण ती हलतात. म्हणून काका जमिनीवर दाराचा चाप काढायचे, म्हणजे दार उघडताना जेवढी जागा घेतं तेवढा पाव गोल. मग काठीचं एक टोक बिजागरीच्या जागी टेकवायचे आणि दुसरं टोक त्या गोलावरून फिरवायचे. काठी कुठे पलंगाच्या किंवा टेबलाच्या रेघेत शिरली की नापास. आईच्या खोलीतलं कपाट अशा रीतीने चारदा नापास झालं. इलेक्ट्रिशियन रोज दारात येऊन विचारायचा, "आज पास हुआ क्या, भैया?" जणू माझाच निकाल होता.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, ती मनात ठेवून पुढचं लिहिणं मला जमणार नाही. त्या दिवसांत काकांनी लवकर पुण्याला जावं असं मला फार वाटत होतं.

पुण्याला त्यांची मुलगी असते, सुनीता. काकी जाऊन बरीच वर्षं झाली आणि काका एकटेच राहतात. मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले आणि दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कुठे गल्लीला कळलं. तेव्हापासून सुनीता त्यांना कायमचं बोलावून राहिली होती. तिने मुलाच्या अभ्यासाची खोली त्यांच्यासाठी रिकामी करायला घेतली होती. एक दिवस तिचा मला फोन आला.

"मोहनदादा, तुमचं फर्निचर कधी होणार?"

"का गं?"

"बाबा म्हणतात, मोहनचं फर्निचर झालं की येतो. आधी म्हणाले दिवाळीनंतर, मग म्हणाले थंडीनंतर. आता तुमचं फर्निचर. खरंच चालू आहे ना काम?"

मी म्हटलं, चालू आहे. पण फोन ठेवल्यावर मला एकदम सगळं स्पष्ट दिसल्यासारखं वाटलं. काका मुद्दाम लांबवत आहेत. कपाट नापास होत नाही, काका नापास करतात. त्यांना जायचं नाही आणि त्याचा भुर्दंड आमच्या घराला पडतो आहे. आम्ही सगळे एका खोलीत झोपत होतो, गॅस व्हरांड्यात होता, भाजीत सिमेंट लागत होतं. मी त्यांच्या तोंडावर "हो काका" म्हणायचो आणि मनात पुण्याच्या गाडीची वेळ आठवायचो. काकांनी मला कधी काही वाईट केलं नव्हतं. म्हणून ते आणखीच लागायचं.

शेवटी सगळं पास झालं. बटणं ठरली, भिंती रंगल्या, नवी फरशी बसली, आणि त्या कोऱ्या फरशीवर काकांनी शेवटची रेघ काढली, जिच्यावरून सुतार माप घेणार होता. सुतार बिसाहू. त्याला काकांची सक्त ताकीद होती की माप टेपने घ्यायचं, पण कागद पाहून नाही, खडू पाहून. बिसाहूने "हव, कका" म्हटलं. तो प्रत्येक गोष्टीला "हव" म्हणतो, पण करतोही.

नेमकं माप घ्यायच्या दिवशी काकांना अभनपुरला एका जुन्या सोबत्याच्या नातवाच्या लग्नाला जावं लागलं. आणि त्याच सकाळी फुलबाईने फरशी पुसताना ऋचाचा पलंग पुसला.

फुलबाई काकांना घाबरून असायची. एकदा तिने केरसुणीने कपाटाचा कोपरा झाडला होता आणि काकांनी तिला "कपाट तोडलं" असं म्हटलं होतं. काका थट्टेनेच म्हणाले असावेत, पण तिला ते लागलं होतं. त्यामुळे पलंग पुसला गेल्यावर तिने कोणालाच सांगितलं नाही. खिडकीत खडूचा तुकडा होता. तिने तो घेतला आणि पलंग पुन्हा काढला. तिची रेघ काकांच्या रेघेपेक्षा सरळ आली होती. संध्याकाळी बिसाहू आला, त्याने खडू पाहून माप घेतलं, आणि कामाला लागला.

आमच्या अंगणातच त्याने पलंग बनवला. खाली पुस्तकांसाठी खण, उशाशी दिव्यासाठी जागा, सगळं एकात एक अडकवलेलं. पॉलिशसाठी तो बरेच दिवस कुशीवर उभा होता. उभा पलंग सगळ्यांनाच लांब दिसतो. तो आत नेऊन गादी टाकली तेव्हा ऋचा त्यावर पडली आणि तिचे पाय बाहेर आले. चांगले वीतभर.

"आजोबा," ती छताकडे पाहत म्हणाली, "मैं इसमें नहीं आ रही."

काका पलंगापाशी आले. त्यांनी हाताने माप घेतलं, मग टेपने घेतलं, मग पुन्हा हाताने. त्यांचं तोंड उतरलं होतं. बिसाहू म्हणाला, "कका, लाइन त इहाँ रिहिस." रेघ तर इथेच होती, आणि त्याने बोट दाखवलं. मी बिसाहूकडे पाहिलं, वैशालीने माझ्याकडे पाहिलं. दारात फुलबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

"मैं सुत के देखेंव, कका," ती म्हणाली. "मोर गोड़ जिहाँ आइस, तिहाँ लकीर खींच देंव."

म्हणजे ती स्वतः फरशीवर आडवी झाली होती आणि तिचे पाय जिथे संपले तिथे तिने रेघ ओढली होती. फुलबाई माझ्या खांद्याच्याही खाली येते.

मला वाटलं, काका आता आवाज चढवणार. काकांनी पलंगाच्या कडेला हात टेकला. मग त्यांना खोकला आला, आणि खोकल्यातून मला कळलं की ते हसून राहिले आहेत.

"म्हणजे तालीम केली," ते म्हणाले. "अख्ख्या घरात खरी तालीम एकीनंच केली. बाकी सगळे खुर्चीवर बसून सोफा सोफा करून राहिले होते." मग ते तिला म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? चूक माही आहे. खडू मी ठेवला खिडकीत."

बिसाहूने पाहून सांगितलं की या पलंगाला जोड देता येणार नाही, सगळे खण उकलावे लागतील, त्यापेक्षा नवा करू. वैशालीने फुलबाईला विचारलं, तू नेतेस का? ती हसली. तिच्या घरात खाट ठेवायलाच जागा कशीबशी होती. मग तो आखूड पलंग व्हरांड्यात ठेवला आणि त्यावर आम्ही रंगाचे डबे ठेवू लागलो. काका येता-जाता त्याच्यापाशी थांबायचे. एकदा मी त्यांना त्याच्या कडेवरून हात फिरवताना पाहिलं. मला वाटलं, चूक झाली म्हणून वाईट वाटतंय. मी म्हटलं, "काका, तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"नाही रे," ते म्हणाले. "लाकूड चांगलं लागलं."

बाकीचं फर्निचर चांगलं झालं. खरं सांगायचं तर फार चांगलं झालं. आई हात न ताणता दिवा लावते, इस्त्रीचा प्लग समोर आहे, कपाटाचं दार कशालाच लागत नाही. नव्या पलंगाची रेघ काढायची तेवढी राहिली होती, पण काका दोन सकाळी आलेच नाहीत. खोकला ऐकू यायचा, म्हणजे ते घरात होते. मी त्यांना बोलवायला गेलो.

पुढचं दार उघडं होतं. काकांच्या घरात सामान फार नाही. दुसऱ्यांची घरं मांडण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे एक लोखंडी खाट, एक टेबल आणि दोन खुर्च्या. ते पुढच्या खोलीत नव्हते. मागच्या अंगणातून त्यांचा आवाज आला. "ये. पण सांभाळून. दारातून ये."

अंगणातल्या सिमेंटवर खडूने एक घर काढलेलं होतं. अख्खं नाही, दोन खोल्या. मोठ्या खोलीत सोफा, टीव्ही, जेवणाचं टेबल. बाजूला एक लहान खोली, तिच्यात पलंग, कपाट, खिडकी आणि दार. काका लहान खोलीत काठी घेऊन उभे होते.

"सुनीताचा फ्लॅट," ते म्हणाले. "तिच्याकडून फोनवर सगळी मापं मागून घेतली. पोरगी वैतागली. म्हणते, बाबा, तुम्ही या तर खरं."

मी चपला काढल्या आणि दारातून आत गेलो.

"हे पाह्य," ते मला मोठ्या खोलीत घेऊन गेले. "इथं जावई बसते. इथून त्याले टीव्ही दिसते. इथं सुनीता. मी पहले इथं बसून पाहिलं, तर दोघांच्या मध्ये येऊन राहिलो. मग इथं." त्यांनी जेवणाच्या टेबलामागचा एक कोपरा दाखवला. तिथे खडूने एक छोटा चौकोन होता. "इथं बसलो तर टीव्ही थोडा तिरपा दिसते, पण मी कोणाच्या आड येत नाही. दोन दिवस बसून पाहिलं. जमते."

ते पुन्हा लहान खोलीत गेले.

"इथं जमत नाही."

त्यांनी काठीचं टोक बिजागरीच्या जागी टेकवलं आणि दुसरं टोक फिरवलं. काठी अर्ध्या गोलापर्यंत आली आणि पलंगाच्या पायथ्याच्या रेघेत शिरली.

"दार लागत नाही," काका म्हणाले. "सहा फुटी पलंग टाकला की लागत नाही. पलंग फिरवून पाहिला, कपाट फिरवून पाहिलं. सुनीता म्हणते, उघडं राहू द्या, घरच्याच माणसांत दार कायले पाह्यजे? बरोबर आहे तिचं. पण जावई घरूनच काम करते, दिवसभर फोनवर बोलते, मोठमोठ्या लोकांशी. आणि पोट्ट्याची बारावी आहे. त्याची खोली घेतली ती घेतली, वरून..." त्यांनी आपल्या गळ्याला बोट लावलं. "हे पहाटे सुरू होते. तुम्ही तर इथं रस्त्याच्या पलीकडे झोपता तरी जागे होता. मले माहीत नाही का?"

"काका, खाली गादी टाकली तर?"

"गुडघे उठू देत नाहीत. करून पाहिलं."

तेव्हा मला कळलं की हा माणूस आमचं कपाट लांबवत नव्हता. आमच्या घरची तालीम आटोपून तो रोज इथे येऊन दुसरी तालीम करत होता, आणि तिच्यात रोज नापास होत होता.

आणि मला आमचा व्हरांडा आठवला.

"काका," मी म्हणालो, "ऋचाचा तो आखूड पलंग."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काठीने जमिनीवरचा एक खडा बाजूला केला. "त्याचं काय?"

"तो तिला होत नाही. तुम्हाला होईल."

"मले माप माहीत नाही त्याचं."

त्यांना माहीत होतं. मला दिसत होतं की त्यांना वीत आणि बोटांसकट माहीत होतं, आणि ते कधीही मागणार नव्हते.

"मग आणून पाहू," मी म्हणालो. "पहले खडू, मग लाकूड. खडू तर झाला."

मी आणि बिसाहूने रंगाचे डबे उतरवून पलंग रस्त्याच्या पलीकडे नेला. गल्लीतल्या दोन स्कूटर थांबल्या. फुलबाई मागून एक उशी घेऊन आली. काकांच्या पुढच्या दारातून आणि मग खडूच्या दारातून आम्ही तो आत घेतला. बिसाहू रेघेवरून उचलून टाकायला निघाला होता, त्याला काकांनी फिरून यायला लावलं. पलंग रेघांवर बसला. पायथ्याशी खडूचा वीतभर पट्टा उघडा राहिला.

काकांनी काठी टेकवली आणि फिरवायला सुरुवात केली. यावेळी फार हळू. ती पायथ्यापाशी आली, लाकडाला न लागता बाजूने सरकली, आणि चौकटीच्या रेघेवर येऊन थांबली.

"लागलं," ते म्हणाले.

ते आत होते. आम्ही तिघे बाहेर. ते पलंगावर बसले. मग आडवे झाले, पाय लांब केले. पाय आत राहिले. थोडा वेळ ते तसेच आभाळाकडे पाहत पडून होते. मग उठून बसले आणि खोकले. आपोआप आलेला नाही, मुद्दाम काढलेला, दोन्ही टप्प्यांचा, मध्ये दम खाऊन, पहाटेचा अख्खा खोकला. समोरच्या छतावरचं कबूतर उडालं.

"मोहन," ते आतून म्हणाले. "बाहेर ऐकू येते का?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. बिसाहूने माझ्याकडे पाहिलं.

"नाही, काका," मी म्हणालो. "काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. "मग ठीक आहे. तिकीट काढून दे."

इतके दिवस मला हेच हवं होतं. मी खिशातून फोन काढला, हातात धरला, आणि पुन्हा खिशात ठेवला.

"काका, ऋचाच्या नव्या पलंगाची रेघ राहिली आहे."

त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, खडू आहे का ते चाचपलं.

"खरंच बे. पोट्टी जमिनीवर झोपून राहिली," ते म्हणाले. आणि उठले, काठीने आधी दार उघडलं, मग बाहेर आले.